पहिली गोटी थांबत का नाही? (वाचकांचे प्रश्न)

प्रश्न : दोन प्लॅस्टिकच्या फूटपट्ट्या शेजारी ठेवून मधल्या खाचेत आम्ही गोट्यांची टक्कर घेतो. सारख्या वजनाच्या दोन गोट्या असतील तर आदळणारी थांबायला हवी आणि दुसरी तेवढ्याच वेगाने निघायला हवी. पण पहिली गोटी थोडी थबकते आणि पुन्हा पुढे चालू लागते. मुले विचारतात, नियम चुकला की गोट्या खराब? – एक शिक्षिका, साखळी

नियमही बरोबर आहे आणि गोट्याही. ही गोटी घसरत येत नाही, गडगडत येते. टक्कर होते त्या क्षणी ती आपला सरळ वेग दुसरीला देऊन टाकते, पण स्वतःभोवतीची गिरकी तिच्याकडेच राहते, कारण गुळगुळीत काच काचेला गिरकी देऊ शकत नाही. मग जागच्या जागी फिरणारी ही गोटी घर्षणाने पट्टीला मागे ढकलते आणि पुन्हा पुढे निघते. दुसरीचे उलट होते. ती आधी गिरकीशिवाय घसरते, घर्षण तिला थोडे अडवते आणि मग ती गडगडू लागते.

सपाट पृष्ठभागासाठी हिशेब नेमका निघतो. मूळ वेगाचा २/७ भाग शेवटी पहिलीकडे आणि ५/७ भाग दुसरीकडे. बेरीज पुन्हा १, म्हणजे संवेग कुठे गेला नाही. गतिज ऊर्जा मात्र घर्षणात गेली : (४ + २५)/४९, म्हणजे जेमतेम ५९ टक्के उरली. तुमच्यासारख्या खाचेत गोटी दोन कडांवर टेकते, त्यामुळे तेवढ्याच वेगाला ती जास्त फिरते आणि पहिलीचा वाटा २/७ पेक्षाही वाढतो. हा प्रयोग टाकून देऊ नका. पुस्तकातल्या उत्तरापेक्षा तो जास्त शिकवतो. फक्त पहिल्या दिवशी तो दाखवू नका.

पहिल्या दिवशी गोट्या टांगा, म्हणजे गिरकीचा प्रश्नच उरत नाही. अचूक वजनकाटा घेऊन ०.१ ग्रॅमच्या आत जुळणाऱ्या दोन गोट्या निवडा. १६ मिलिमीटरची काचेची गोटी साधारण ५ ग्रॅम भरते. प्रत्येकीच्या डोक्यावर रिकाम्या रिफिलचा ५ मिलिमीटरचा तुकडा एपॉक्सीने आडवा चिकटवा आणि एक दिवस वाळू द्या. त्यातून मासेमारीच्या सामानाच्या दुकानात मिळणारा बारीक तंगूस (नायलॉनचा दोरा) ओवा. सुती दोरा नको, आपल्याकडच्या पावसाळी दमट हवेत त्याची लांबी बदलत राहते. तंगुसाची दोन्ही टोके २० सेंटिमीटर अंतरावरच्या दोन समांतर काठ्यांना बांधा, म्हणजे गोटी आडवीतिडवी न जाता एकाच रेषेत झुलेल. काठीच्या पातळीपासून गोटीच्या मध्यापर्यंत उभे अंतर ६० सेंटिमीटर ठेवा. उंची जुळली की रिफिलमध्ये गोंदाचा थेंब टाकून तंगूस पक्का करा.

स्थिर असताना गोट्या एकमेकींना नुसत्या टेकलेल्या हव्यात. फट राहिली किंवा त्या एकमेकींवर रेलल्या, तर टक्कर झोक्याच्या तळाशी होत नाही. मध्यांच्या उंचीत १ मिलिमीटरचा फरक असला तरी दुसरी गोटी वर उडी मारते आणि मोजमाप बिघडते.

एक गोटी १५ सेंटिमीटर मागे ओढून सोडा, ढकलू नका. तळाचा वेग ओढलेल्या अंतराच्या प्रमाणात असतो (इथे सुमारे ०.६ मीटर प्रति सेकंद), म्हणून वेग मोजायची गरजच नाही, खाली ठेवलेली पट्टी पुरते. न्यूटनने १६८७च्या ‘प्रिन्सिपिया’त टांगलेल्या गोळ्यांवरूनच काचेसाठी दूर जाण्याच्या आणि जवळ येण्याच्या वेगांचे प्रमाण १५ : १६ असे दिले आहे. त्या हिशेबाने दुसरी गोटी सुमारे १४.५ सेंटिमीटर जाईल आणि पहिली अर्धा सेंटिमीटर पुढे सरकेल. मग मसुराच्या दाण्याएवढी प्लॅस्टिसिन (मुलांची खेळायची मऊ माती) मध्ये लावून पाहा : दोघी चिकटून ७.५च्या आसपास पोचतात.

प्रश्न : टेबल टेनिसच्या चेंडूच्या उसळीची उंची दर वेळी वेगळी येते. काय चुकते? – नववीचा विद्यार्थी, म्हापसा

बहुधा तुझे डोळे चेंडूच्या वरच्या कडेकडे जातात आणि चेंडू ४० मिलिमीटरचा आहे. सोडताना आणि उसळताना, दोन्ही वेळी खालची कडच वाच. दोन मीटरवरून टाकू नकोस : २.७ ग्रॅमच्या चेंडूला हवा चांगलीच अडवते. ३० सेंटिमीटर पुरेत. स्पर्धेच्या टेबलावर तेवढ्या उंचीवरून टाकलेला चेंडू सुमारे २३ सेंटिमीटर उसळावा असा नियम आहे. म्हणजे उसळीचा गुणांक (दूर जाण्याचा वेग भागिले जवळ येण्याचा वेग) २३/३०चे वर्गमूळ, ०.८८.

त्यापेक्षा चांगली युक्ती आवाजाची आहे. पंखा बंद करून मोबाइलवर टकटक रेकॉर्ड कर आणि ध्वनीच्या आलेखावर पहिल्या तीन ठोक्यांमधली दोन अंतरे मोज. दुसरे भागिले पहिले, की गुणांक आला. उंचीही नको. तुझी अंतरे ०.४३ आणि ०.३८ सेकंदांच्या जवळ आली तर चेंडू आणि टेबल दोन्ही ठीक आहेत. शाळेच्या डुगडुगणाऱ्या बाकावर उत्तर कमी येईल, कारण बाकाची फळी स्वतः हलून ऊर्जा घेते. फरशीवर करून बघ.

प्रश्न : कॅरमवर टकरीचा प्रयोग होईल का? – एक पालक, फोंडा

छान होईल, सोंगटी घसरते, गडगडत नाही. स्ट्रायकर १५ ग्रॅमचा, सोंगटी ५ ग्रॅमच्या थोडी वर. टक्कर अगदी समोरासमोर आणि पूर्ण स्थितिस्थापक (गुणांक १) असेल तर स्ट्रायकरचा वेग निम्मा होतो आणि सोंगटी दीडपट वेगाने निघते. थांबेपर्यंतचे अंतर वेगाच्या वर्गावर ठरते, म्हणून सोंगटी स्ट्रायकरच्या नऊपट लांब जायला हवी. गुणांक ०.८ असला की हेच प्रमाण सहापटीवर येते. तेव्हा दोन्ही अंतरे मोजा आणि प्रमाणावरून गुणांक काढा. फटका हलका ठेवा, सोंगटी कडेला लागली तर ती फेरी धरू नका. पावसाळ्यात पावडरीच्या गुठळ्या होतात आणि एका बाजूला घर्षण वाढते. आधी बोर्ड कोरड्या फडक्याने पुसून चाळलेली पावडर सारखी पसरा.