पुन्हा बॅले, पुन्हा परीक्षा : सुरुवात कोणत्या पायरीवरून करावी?

प्रश्न : माझे बालपण मुंबईत गेले. तेथे मी शाळेत असताना बॅले शिकले आणि रॉयल अकॅडमी ऑफ डान्सची पाचवी ग्रेड मेरिट मिळवून उत्तीर्ण झाले. दहावीच्या वर्षी क्लास सुटला, तो सुटलाच. आता वय ३७ आहे, लग्नानंतर रत्नागिरीत स्थायिक झाले आहे आणि गेल्या वर्षापासून महिन्यातून दोनदा मुंबईला जाऊन पुन्हा शिकते आहे. उरलेल्या दिवसांत घरीच सराव करते. मला सहावी ग्रेड न देता थेट इंटरमीजिएट फाउंडेशनला बसायचे आहे, कारण पॉइंट शूज (बोटांच्या टोकांवर उभे राहून नाचण्यासाठीचे कडक टोकाचे शूज) पायात घालण्याआधीच नाच थांबला, याची रुखरुख आहे. शिक्षिका म्हणतात, घाई नको. नियमाने मला बसता येईल का, आणि मी बसावे का?
— एक वाचक, रत्नागिरी

उत्तर : नियमांपुरते बोलायचे तर तुम्हाला कोणीही अडवणार नाही. १९२० मध्ये लंडनला स्थापन झालेल्या या संस्थेच्या परीक्षांना किमान वयाची अट आहे, कमाल वयाची नाही. इंटरमीजिएट फाउंडेशनसाठी वयाची ११ वर्षे पूर्ण झालेली असली की पुरे. आपल्याकडे गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या प्रारंभिक, प्रवेशिका, मध्यमा, विशारद अशा क्रमाने चढत जाणाऱ्या परीक्षांची सवय असल्यामुळे बॅलेतही पाचवीनंतर सहावी दिलीच पाहिजे, असा अनेकांचा समज असतो. प्रत्यक्षात तेथे दोन स्वतंत्र मालिका आहेत. एक ग्रेड १ ते ८ ची. दुसरी मालिका नृत्य हाच पेशा करू पाहणाऱ्यांना डोळ्यांसमोर ठेवून आखलेली असून तिच्यात इंटरमीजिएट फाउंडेशन, इंटरमीजिएट, अॅडव्हान्स्ड फाउंडेशन, अॅडव्हान्स्ड १ आणि अॅडव्हान्स्ड २ या परीक्षा येतात. पहिल्या मालिकेतील कोणतीही ग्रेड मागची ग्रेड न देता देता येते. दुसऱ्या मालिकेत इंटरमीजिएट फाउंडेशन ऐच्छिक आहे, मात्र इंटरमीजिएट उत्तीर्ण झाल्याशिवाय अॅडव्हान्स्ड १ ला आणि ते झाल्याशिवाय अॅडव्हान्स्ड २ ला बसता येत नाही. दोन्ही मालिकांतील परीक्षा १०० गुणांच्या असतात. ४० ला उत्तीर्ण, ५५ पासून मेरिट आणि ७५ पासून डिस्टिंक्शन.

बसावे का, हा खरा प्रश्न आहे आणि येथे मी तुमच्या शिक्षिकांच्या बाजूने आहे; मात्र त्याचे कारण तुमचे वय नव्हे. पाचवी ग्रेड आणि इंटरमीजिएट फाउंडेशन यांच्यामध्ये पॉइंट, म्हणजे बोटांच्या टोकांवरचा नाच, उभा आहे. स्त्रियांच्या परीक्षेत फाउंडेशनपासूनच पॉइंट शूजवरचा भाग असतो, तो टाळून ही परीक्षा देता येत नाही. उलट सहावी, सातवी आणि आठवी या तिन्ही ग्रेड मऊ चपलांतल्या आहेत. म्हणून तुम्ही स्वतःला विचारायचा प्रश्न ‘मला किती येते’ हा नाही, तर ‘महिन्यातून दोन वर्गांच्या आधाराने पॉइंट शिकणे सुरक्षित आहे का’ हा आहे, आणि त्याचे माझ्या मते उत्तर नाही असेच आहे.

पॉइंटची सुरुवातीची शिकवण म्हणजे आठवड्यातून निदान एक-दोनदा, शिक्षिकेच्या नजरेखाली, बारला (आधाराच्या आडव्या दांड्याला) दोन्ही हातांनी धरून, थोड्या थोड्या वेळासाठी वर जाणे आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे सावकाश खाली येणे. घोटा बाहेर कलतो आहे की आत, बोटे दुमडली जात आहेत की लांब राहिली आहेत, वजन अंगठ्याच्या बाजूला आहे की करंगळीच्या, हे स्वतःचे स्वतःला आरशातही नीट कळत नाही. त्यातच प्रौढ शरीराची एक गोची आहे. सरावाला लागल्यावर स्नायू काही आठवड्यांत बळावतात, पण टाचेमागचा स्नायुबंध त्या वेगाने तयार होत नाही, त्याला महिने लागतात. पुन्हा नाचू लागलेल्या व्यक्तीला तिसऱ्या महिन्यात ‘आता जमते आहे’ असे वाटू लागते आणि नेमक्या त्याच सुमारास सकाळी अंथरुणातून उठताना टाच धरते. लहानपणी शिकलेले शरीर पूर्णपणे विसरत नाही, हे खरे; त्याला हालचाल आठवते, पण ती पेलण्याची ताकद आठवणीबरोबर परत येत नाही.

घरच्या घरी करण्यासारखी एक साधी पडताळणी आहे. भिंतीला बोटे टेकवून, गुडघा सरळ ठेवून, एका पायावर टाच पूर्ण उंच उचलायची आणि हळू खाली आणायची. उंची कमी न होता, घोटा न डगमगता असे सलग वीस वेळा दोन्ही पायांवर होत असेल, तर पॉइंटबद्दल बोलायला सुरुवात करता येईल. हा परवाना नव्हे, केवळ बोलणी सुरू करण्याची अट आहे. बहुतेकांना दहा-बारानंतर टाच अर्ध्यावरच येत असल्याचे लक्षात येते आणि मग पुढचे सहा महिने काय करायचे, हे वेगळे सांगावे लागत नाही.

टर्नआउटविषयीही, म्हणजे पाय बाहेरच्या बाजूला वळवण्याविषयीही, लिहिणे आवश्यक आहे, कारण पुन्हा येणाऱ्या विद्यार्थ्यांचे गुडघे बहुधा याच ठिकाणी दुखावतात. पाय बाहेर वळतात ते खुब्यातून. पावले जमिनीवर हव्या त्या कोनात रोवून गुडघे मागाहून त्यांच्याशी जुळवून घेऊ पाहणे म्हणजे गुडघ्याला पीळ देणे होय. चौदाव्या वर्षी तुमचा जो कोन होता तो आज नसेल. प्लिए करताना, म्हणजे गुडघे वाकवताना, गुडघा पावलाच्या दुसऱ्या बोटावर येतो आहे ना, एवढेच पाहा आणि कोन कमी दिसला तरी तोच ठेवा. परीक्षकाला प्रामाणिक लहान कोन हा ओढूनताणून मोठा केलेल्या कोनापेक्षा बरा वाटतो.

घरच्या सरावाबद्दल तुम्ही फारसे लिहिलेले नाही, पण रत्नागिरीतील घर म्हणजे काँक्रीटवर बसवलेली लादी असणार, असे मी गृहीत धरतो. बॅलेच्या वर्गातील जमीन लाकडी असते आणि तिच्याखाली मोकळी जागा सोडलेली असते, त्यामुळे उडी मारून उतरताना ती थोडी दबते. लादी दबत नाही. म्हणून घरी बारवरचा सराव, पोर्ट द ब्रा (हातांच्या हालचाली), तोल आणि मनगट-मानेचे काम करावे, अलेग्रोच्या उड्या मात्र मुंबईसाठी राखून ठेवाव्यात. घरी त्यांचे ताल मोजत, हातांनी खुणा करत, जागच्या जागी पाठांतर करणे पुरेसे आहे. बारसाठी स्वयंपाकघरातील ओटा अनेक जणी वापरतात. तो अढळ असतो, ही त्याची मोठी जमेची बाजू. पण उंचीला तो बारपेक्षा बराच कमी पडतो, त्यामुळे हात ठेवताना खांदा खाली ओढला जातो आणि कंबर त्या बाजूला कलते. पडवीचा कठडा किंवा खिडकीचा आडवा गज कोपराच्या किंचित खाली येत असेल तर तो अधिक बरा. प्लॅस्टिकची खुर्ची कदापि नको.

पॉइंट शूज घ्यायचेच झाले तर एक गोष्ट किनाऱ्यावर राहणाऱ्यांनी ध्यानात ठेवावी. बोटांभोवतीचा त्यांचा कडक भाग कापड आणि कागदाचे थर खळीने चिकटवून केलेला असतो, आणि ती खळ ओलाव्याने मऊ पडते. घामानेच हे शूज थकतात, मग जून ते सप्टेंबर या काळात, जेव्हा दोरीवरचे कपडेही दोन दोन दिवस वाळत नाहीत आणि कपाटातल्या चामड्यावर बुरशी धरते, तेव्हा त्यांचे काय होत असेल याची कल्पना तुम्हाला मुंबईकर विद्यार्थिनींपेक्षा अधिक आहे. वापरल्यानंतर फिती उघड्या सोडून, आतील गादी काढून, ते पंख्याखाली टांगावेत. प्लॅस्टिकच्या पिशवीत कोंबू नयेत. मऊ पडलेल्या शूजवर उभे राहणे हे नवख्या पायासाठी अनवाणी उभे राहण्याहून घातक आहे, कारण आधार असल्याचा भास होतो आणि आधार नसतो.

तेव्हा माझा सल्ला असा. आता सहावी ग्रेड घ्या. तिच्यात शास्त्रीय बॅलेच्या जोडीला फ्री मूव्हमेंट आणि कॅरेक्टर (लोकनृत्यांवर आधारलेला नाच) हे भाग आहेत. फ्री मूव्हमेंटमध्ये धडाचा आणि श्वासाचा जो मोकळा वापर आहे, तो प्रौढ नर्तिकेला मुलींपेक्षा अधिक शोभतो, असे माझे स्पष्ट मत आहे. सहावीचा सराव महिन्यातून दोन वर्ग आणि घरचा नेम यांवर निभावू शकतो. त्याच काळात टाचा उचलण्याचा व्यायाम रोज चालू द्या. सहावी झाल्यावर आठवड्याला एक वर्ग शक्य होत असेल, तरच शिक्षिकांकडे पॉइंटचा विषय काढा आणि त्यानंतर फाउंडेशनचा. हा मार्ग लांबचा आहे, पण तुमची रुखरुख पॉइंटची आहे, प्रमाणपत्राची नाही, हे तुमच्याच पत्रात लिहिलेले आहे.

दोन व्यावहारिक बाबी राहिल्या. पहिली, तुमची जुनी वही आता उपयोगाची नाही. ग्रेड १ ते ५ आणि इंटरमीजिएटचे दोन्ही स्तर यांचे अभ्यासक्रम २०११ नंतरच्या काही वर्षांत बदलले, त्यामुळे पाठ असलेल्या रचना व त्यांचे संगीत परीक्षेत येणार नाही. फाउंडेशनकडे वळाल तेव्हा सध्याचाच अभ्यासक्रम पाहा. दुसरी, परीक्षेचा अर्ज शिक्षिकेमार्फत जातो, तेव्हा कोणत्या सत्राला बसायचे हे त्यांच्याशी आधीच ठरवा आणि शेवटचे दोन महिने कोकण रेल्वेच्या पावसाळी वेळापत्रकात किंवा गणपतीच्या गर्दीत येणार नाहीत, असे पाहा. सहा-सात तास बसून आखडलेली कंबर घेऊन थेट वर्गात उभे राहू नका. आदल्या रात्री मुंबईत पोहोचणे जमले तर उत्तम.

प्रश्न : मी ५६ वर्षांची निवृत्त शिक्षिका आहे. मुलीकडे पुण्याला काही महिने राहिले असताना तेथील एका वर्गात बॅले पुन्हा सुरू केले. लहानपणी तीन ग्रेड झाल्या होत्या. परीक्षेचे ध्येय असले की माझा नेम टिकतो, पण अकरा-बारा वर्षांच्या मुलींबरोबर परीक्षकांसमोर उभे राहण्याचा संकोच वाटतो. काही मधला मार्ग आहे का?
— एक वाचक, सावंतवाडी

उत्तर : आहे. ग्रेडच्याच अभ्यासक्रमावर ‘क्लास अवॉर्ड’ हा प्रकार घेता येतो. त्यात वर्ग तुमच्या शिक्षिकाच घेतात, परीक्षक बसून पाहतात आणि गुणांची वर्गवारी होत नाही. नेहमीच्या परीक्षेत शिक्षिका दालनात नसतात आणि पुढची रचना स्वतःच आठवावी लागते, तो ताण येथे बराच हलका होतो. नेहमीची परीक्षा द्यायचीच असेल, तर एका वेळी चारपर्यंतच उमेदवार आत जातात. वर्गात आणखी प्रौढ विद्यार्थिनी असतील तर तुमचा गट वेगळा लावण्याची विनंती शिक्षिकांना अवश्य करा. याच संस्थेने ५५ वर्षांपुढील नर्तकांसाठी ‘सिल्व्हर स्वान्स’ नावाने वर्गांची योजना चालवली आहे. तिला परीक्षा नाही, त्यामुळे तुमचा नेम तिच्यावर टिकेल की नाही हे तुम्हीच जाणता. उड्यांचे काम सुरू करण्यापूर्वी मात्र हाडांची घनता डॉक्टरांकडून तपासून घ्या, कारण रजोनिवृत्तीनंतर ती झपाट्याने घटू शकते.

तुमच्या पत्रात ख्यातनाम ब्रिटिश बॅले नर्तिका मार्गो फाँटेन यांचा दाखला आहे. १९६२ मध्ये, चाळिशी ओलांडल्यावर, त्यांनी रुडॉल्फ नुरेयेव्हबरोबर नाचायला सुरुवात केली, हे खरेच आहे. पण त्यांनी नाच कधी सोडलाच नव्हता, आणि परतून येणाऱ्यांसमोर त्यांचे उदाहरण ठेवणे मला नेहमीच थोडे अन्यायाचे वाटत आले आहे.

प्रश्न : वय २९, मी पुरुष आहे. मुंबईत शिक्षण घेताना दोन वर्षे बॅले केले, कोणतीही ग्रेड दिलेली नाही. इंटरमीजिएटला बसायचे तर मलाही पॉइंट शिकावा लागेल का?
— एक वाचक, चिपळूण

उत्तर : पुरुषांच्या अभ्यासक्रमात पॉइंट नाही, त्याऐवजी उड्या आणि गिरक्यांवर अधिक भर असतो. एकही ग्रेड न देता इंटरमीजिएटला बसण्याची मुभा नियमात आहे, परंतु दोन वर्षांच्या शिक्षणावर तो स्तर सहसा पेलवत नाही. आधी चौथी किंवा पाचवी ग्रेड द्या, आणि उड्यांसाठी लाकडी जमिनीचे दालन असलेला वर्ग शोधा, मग तो मुंबईत असो वा पुण्यात.