झरोका कधी उघडायचा?

प्रश्न : आमच्या बंगल्याचा दर्शनी हॉल वीस फूट उंच आहे आणि जिना त्यातूनच वर जातो. उंच हॉल गार राहतो असं ऐकून वरच्या भिंतीत दोन बाय दीड फुटांच्या दोन खिडक्या ठेवल्या. त्या दिवसभर उघड्या असतात. तरी एप्रिल-मेमध्ये वरच्या खोल्यांत रात्री अकरापर्यंत झोपवत नाही. एक्झॉस्ट फॅन बसवावा का?
— एक वाचक, विश्रामबाग, सांगली

उत्तर : फॅनचं नंतर बघू. आधी त्या खिडक्या दुपारी बंद करा.

गरम हवा वरून बाहेर पडते, पण आतली हवा बाहेरच्यापेक्षा गरम असेल तरच. मेमध्ये दुपारी तीनला बाहेर सावलीत 39 अंश आणि हॉलमध्ये 33 असतील, तर सगळं उलटं चालतं. आतली गार, जड हवा दाराखालच्या फटीतून निसटते आणि तिची जागा भरायला वरून झळा आत येतात. तुमचा झरोका तेव्हा नरसाळ्यासारखा घरात ऊन हवा ओतत असतो.

तीन साधे थर्मामीटर आणा. एक बाहेर उत्तरेच्या सावलीत, दुसरा हॉलमध्ये जमिनीपासून चार फुटांवर, तिसरा वरच्या कठड्याला दोरीने लोंबता. भिंतीला टेकला तर तो भिंतीचंच तापमान सांगेल. वरचा आकडा बाहेरच्यापेक्षा निदान दोन अंशांनी जास्त झाला की वरच्या खिडक्या उघडायच्या. उन्हाळ्यात ही वेळ बहुधा दिवेलागणीनंतर येते. सोबत वाऱ्याच्या बाजूच्या खालच्या खिडक्याही उघडा, नाहीतर वरून जाणाऱ्या हवेच्या जागी येणार काय? वरच्या खिडकीशी उदबत्ती धरा : धूर बाहेर ओढला जात असेल तर ठीक, आत वळला तर खिडकी लावून घ्या. सकाळी ऊन चढायच्या आत पुन्हा सगळं बंद.

तुमच्या वरच्या दोन खिडक्या मिळून सहा चौरस फूट. खाली तेवढीच वाट असली आणि आत-बाहेर पाच अंशांचा फरक असला, तर मिनिटाला अंदाजे सहाशे घनफूट हवा विजेशिवाय निघते. बारा बाय पंधराचा हॉल धरला तर सहा मिनिटांत हॉलभर हवा बदलली. अर्थात जाळी धुळीने बुजलेली नसेल तर. डासांची जाळी महिन्याला धुवाच.

एवढं करूनही वारा पडलेल्या रात्री उकडलं, तर बारा इंची फॅन वरच्या खिडकीत लावा. खालच्या खिडक्या बंद ठेवून तो चालवू नका. फॅन मिळेल तिथून हवा ओढतो. न्हाणीघराच्या ट्रॅपमधलं, म्हणजे मोरीच्या जाळीखाली वास अडवणारं, पाणी आटलेलं असलं की गटाराचा वास थेट जिन्यात.

वरच्या खोल्यांचा खरा वैरी मात्र स्लॅब. सांगली जवळपास 17 अक्षांशावर आहे, त्यामुळे मेच्या पहिल्या आठवड्याच्या सुमारास भरदुपारी सूर्य अगदी डोक्यावर येतो. दिवसभर तापलेला काँक्रीट रात्री उशिरापर्यंत उष्णता आत सोडत राहतो. गच्ची घासून शेवाळ काढा, कळीचा चुना रात्रभर भिजवून गाळा, थोडा सरस घालून दोन हात मारा, दुसरा पहिल्याला आडवा. पावसात तो धुपतो, म्हणून दर फाल्गुनात हे काम ठरलेलं. खर्च झेपत असेल तर फरशीच्या पांढऱ्या तुकड्यांचं चायना मोझॅक टिकाऊ, पण त्याचं वजन स्लॅब पेलेल का ते आधी इंजिनिअरला विचारा.

आणि वीस फुटांवर छताला चिकटलेला पंखा लावू नका, खाली वारा लागत नाही. पाती जमिनीपासून आठ-नऊ फुटांवर हवीत. एवढा लांब रॉड हेलकावतो; त्यापेक्षा भिंतीवरचा पंखा बरा.

प्रश्न : पावसाळ्यात वरच्या झरोक्यातून पाणी येतं आणि मुख्य दार धाडकन आपटतं. — एक वाचक, सातारा

उत्तर : पावसाचा मारा पश्चिम-नैऋत्येकडून असतो. त्या बाजूचा झरोका पावसाळ्यापुरता काचेने बंद करा आणि पूर्वेकडे उघडा. तिथे वारा आतली हवा ओढून नेतो. वर दीड फुटी छज्जा आणि खाली-बाहेर उतरत्या लूव्हरच्या पट्ट्या हव्यात. दाराला चुंबकाचा स्टॉपर लावा, पण तो खालच्या कडेला, बिजागरीपासून लांब. बिजागरीजवळ लावला तर झोताच्या एका धक्क्यात सुटतो.