मागे डिस्क ब्रेक आहेत, हँडब्रेक ओढूनही गाडी चढावर सरकते. केबल बदलू की कॅलिपर?

तुम्ही लिहिलंय की मागच्या दोन्ही चाकांना डिस्क आहेत, हँडब्रेक नऊ-दहा टिक (ओढताना वाजणाऱ्या खाचा) वर येतो तरी चढावर गाडी सरकते, मेकॅनिक केबल बदला म्हणतोय, घरी जमेल का. आणि शेवटी सहज लिहून टाकलंय की गाडी जास्त बायको चालवते, तिच्याकडून बहुतेक नीट ओढला जात नसेल. केबलचं आणि कॅलिपरचं, म्हणजे चाकाबरोबर फिरणाऱ्या डिस्कला चिमट्यासारखं धरणाऱ्या भागाचं, सांगते, पण आधी हे शेवटचं वाक्य मागे घ्या. हँडब्रेक नऊ-दहा टिक वर आलाय म्हणजे तो पूर्ण ओढलेला आहे, त्याच्यापुढे ओढायला जागाच उरत नाही. तुमच्या बायकोने तिचं काम केलंय, खाली चाकापाशी काहीतरी मेलंय.

हे इतकं ठामपणे सांगते कारण हे सगळं माझ्यावर येऊन गेलंय. आम्ही चिपळूणचे. मी लोट्याला नोकरीला, म्हणजे रोज संध्याकाळी परशुराम घाट उतरून घरी. घर गावाबाहेर चढावर आहे, गल्ली इतकी उभी की पावसाळ्यात चालत यायलाही जपून यावं लागतं. २०२३ च्या जुलैत एका संध्याकाळी नेहमीसारखी गाडी घरासमोर लावली, तोंड वरच्या बाजूला, हँडब्रेक ओढला, आत आले, पर्स ठेवली, हातपाय धुतले, चहा टाकला. चहा गाळत होते तेव्हा बाहेर धाडकन आवाज. गाडी मागे जाऊन शेजाऱ्यांच्या गडग्यावर, दगडी कुंपणावर, आदळली होती. चार चिरे ढासळले, आमचा मागचा बंपर गेला. गल्लीत तेव्हा कोणी नव्हतं, एवढंच नशीब.

आणि मग सुरू झालं. धाकटे दीर तेव्हा घरीच होते. बाहेर येऊन पाहिलं आणि पहिलं वाक्य, "वहिनी, हँडब्रेक ओढायला विसरलात." मी म्हटलं ओढलाय, दार उघडून दाखवलं, लिव्हर वरच होता. तर म्हणाले, "मग पूर्ण ओढला नसणार. मनगटात जोर लागतो त्याला." सासूबाई पडवीत बसलेल्या होत्या, त्या म्हणाल्या की मी कर्रर्र आवाज ऐकला, नेहमीसारखाच ओढलान तिने. पण त्यांचं कोण ऐकतंय. त्या वर्षी गणपतीला घरात जेवढे पाहुणे आले तेवढ्यांना ही गोष्ट सांगून झाली, आणि प्रत्येक वेळी शेवट मनगटावर. नवरा गप्प. मला त्याच्या गप्प बसण्याचाही राग आला होता, तो त्याला माहीत आहे.

माझं म्हणणं एकच होतं आणि ते कोणी ऐकून घेतलं नाही. विसरलेला हँडब्रेक पंधरा मिनिटं वाट बघत नाही! ओढलाच नसता किंवा अर्धवट ओढला असता तर मी दार लावायच्या आधी गाडी निघाली असती. ती पंधरा मिनिटं उभी राहिली आणि मग गेली. का गेली हे मला नंतर कळलं, आणि तुमच्या गाडीसाठीही ते महत्त्वाचं आहे. घाट उतरून आल्यावर डिस्क तापलेली असते. तापलेली डिस्क किंचित जाड असते, थंड होताना ती आकसते. आकडा अगदी बारीक आहे, दहा मिलिमीटरची डिस्क दोनशे डिग्री थंड झाली तर साधारण ०.०२ मिलिमीटर, केसापेक्षाही कमी. केबल आणि कॅलिपर ठणठणीत असतील तर केबलच्या ताणामुळे पिस्टन, म्हणजे पॅडला डिस्कवर दाबणारा दट्ट्या, तेवढा मागोमाग सरकतो आणि पकड टिकते. पण कॅलिपरमधला लिव्हर, ज्याला केबल ओढते तो, गंजून अडकला असेल तर तो जागचा हलत नाही, डिस्क त्याच्या पकडीतून सुटते, आणि उभी गाडी चालायला लागते.

आता कॅलिपर का मेला. २२ जुलै २०२१ चा वाशिष्ठीचा पूर सगळ्यांना आठवत असेल. आमची गाडी बाजारपेठेत नव्हती म्हणून वाचली, पण नातेवाइकांकडे जिथे उभी होती तिथे चाकं बुडेपर्यंत पाणी आलं आणि ती त्यात जवळजवळ दिवसभर होती. इंजिन वाचलं म्हणून आम्ही खूश. ब्रेकमधून गाळ धुवून काढावा हे कोणाच्या डोक्यात आलं नाही, माझ्याही नाही. दोन वर्षं तो गाळ आत बसून होता.

त्यात २०२३ च्या मे महिन्यात पॅड बदलले, एका ओळखीच्या गॅरेजमध्ये. मी समोर उभी होते. नवे पॅड जाड, म्हणून पिस्टन आत ढकलायचा होता, तर त्यांनी क्लॅम्प लावला आणि पिळून दाबला. उजव्या बाजूला कट्ट असा आवाज आला. मी विचारलं हे काय, तर म्हणे काही नाही, बसला. तेव्हा मला माहीत नव्हतं, आज माहीत आहे. ज्या कॅलिपरमध्येच हँडब्रेक असतो त्याचा पिस्टन आतल्या स्क्रूवर असतो, तो नुसता दाबायचा नसतो, फिरवत फिरवत आत घ्यायचा असतो. दाबला की आतला ॲडजस्टर, म्हणजे पॅड झिजतील तसा पिस्टन पुढे आणणारा भाग, तुटू शकतो. पायाचा ब्रेक लागत राहतो कारण तो तेलाच्या दाबावर आहे, म्हणून कोणालाच काही कळत नाही.

म्हणजे उजवा कॅलिपर गॅरेजने मारला आणि डावा पुराने. गाडी डाव्या बाजूच्या अर्धवट पकडीवर उभी राहत होती.

गडग्याच्या प्रकारानंतर भावजी स्वतः गाडी त्याच गॅरेजला घेऊन गेले आणि त्यांनी केबल टाइट करून दिली. तीन टिकला हँडब्रेक कडक! घरी येऊन मला ओढून दाखवला, बघा वहिनी, आता कसा. पंधरा दिवसांत परत आठ टिकवर. आणि रोज घाट उतरल्यावर डाव्या चाकाला जळका वास, एकदा पाऊस पडत होता तर रिमवर थेंब पडून चर्र आवाज येत होता. डावं चाक कायम घासत होतं.

म्हणून सांगते, केबल टाइट करणं हा हँडब्रेकचा इलाज नाही. पॅड झिजले की ॲडजस्टर आपोआप अंतर भरून काढतो, पण त्यासाठी हँडब्रेक खाली असताना कॅलिपरवरचा लिव्हर पूर्ण मागे, स्टॉपरला, म्हणजे त्याला मागे अडवणाऱ्या खुंटीला, टेकलेला असावा लागतो. केबल ओढून ताणून ठेवली की लिव्हर स्टॉपरपर्यंत येतच नाही, ॲडजस्टर काम करत नाही, अंतर वाढत जातं, टिक परत वाढतात, आणि मेकॅनिक परत केबल टाइट करतो. जो कोणी खाली न वाकता सरळ कन्सोल (दोन सीटांमधला हँडब्रेकचा खोका) उघडून केबलचा नट पिळायला घेतो त्याच्याकडून गाडी परत घ्या.

माझे वडील एस.टी.च्या डेपोत मेकॅनिक होते, त्यामुळे पाना हातात धरायची भीती मला कधीच नव्हती. एका रविवारी नवऱ्याला म्हटलं, मी उघडते, तू फक्त पेडल दाबायला बस. सपाट अंगणात घेतली, पुढच्या चाकांना दोन्हीकडून चिरे लावले, मागून जॅक आणि खाली स्टँड. डाव्या कॅलिपरवरून केबल सोडवली, केबल पूर्ण सुटलेली, तरी लिव्हर आणि स्टॉपरच्या मध्ये रुपयाचं नाणं सहज बसेल एवढी फट. पान्याने मागे ढकलला तर इंचभरही हलेना. लिव्हर जिथे कॅलिपरमध्ये जातो तिथलं रबर टोकाने उचललं तर आतून राखाडी ओला गाळ बाहेर आला. दोन वर्षांनी! बोटांत चोळून बघितला, पुराचाच होता, घरोघरच्या भिंतींवरून आम्ही तोच खरवडून काढला होता. उजवीकडे उलटं, लिव्हर मस्त हलत होता, स्प्रिंगने फटकन मागे जात होता, पण लिव्हर पूर्ण ओढला तरी पिस्टन जागचा हलत नव्हता. नवऱ्याला बोलावून दोन्ही दाखवलं. भावजींना व्हिडिओ पाठवला. निळ्या टिक आल्या, उत्तर आलं नाही.

मी दोन्ही कॅलिपर नवे घातले, दोन्ही केबल नव्या. रिपेअर किट मिळतं, पण लिव्हरचा शाफ्ट गंजून खड्डे पडले असतील तर नवं सील पण थोड्याच दिवसांत गळतं, त्या भानगडीत पडू नका. एकाच बाजूचा बदलूही नका, दोन बाजू सारख्या धरायला हव्यात.

आता तुमचं. मागचं चाक वर घ्या, हँडब्रेक खाली, आणि कॅलिपरच्या पाठीमागचा लिव्हर बघा. केबल सोडवून लिव्हर हाताने किंवा पान्याने फिरवा. सोडल्यावर तो फटकन स्टॉपरला जाऊन टेकला तर लिव्हर ठीक. टेकत नसेल तर कॅलिपर गेला. मग दुसऱ्या कोणाला हँडब्रेक वर-खाली करायला सांगा आणि सुटलेल्या केबलचं टोक बघा, सरसर आत-बाहेर होत नसेल, अडकत असेल तर केबल गेली. बहुतेक वेळा बाहेरचं काळं आवरण जिथे क्लिपमध्ये बसतं तिथे तडकलेलं असतं आणि पाणी तिथूनच आत जातं. केबलवर स्प्रे मारून आठवडाभर चालेल, पुढे नाही, उलट आतलं ग्रीस धुवून जातं. लिव्हर पण ठीक आणि केबल पण ठीक असेल तर तुमचाही ॲडजस्टर कोणीतरी क्लॅम्पने तोडलाय का बघा, म्हणजे शेवटचे पॅड कोणी आणि कसे बदलले ते आठवा.

नवे घालताना क्रम चुकवू नका, सगळी गंमत क्रमात आहे. कन्सोलमधला केबलचा नट पूर्ण सैल करा. पिस्टन फिरवून आत घ्यायचं टूल मिळतं, हजार-दीड हजारात येतं, ते घ्याच. बहुतेक गाड्यांत घड्याळाच्या काट्याच्या दिशेने फिरवायचा असतो, काहींत एका बाजूचा उलटा, म्हणून जोर लावायच्या आधी दिशा बघा. पिस्टनच्या तोंडावर खाचा असतात, काही गाड्यांत पॅडच्या पाठीला बारीक खुंटी असते, ती त्या खाचेत बसली पाहिजे, नाहीतर पॅड तिरका झिजतो. जुना कॅलिपर ब्रेकच्या नळीला लोंबकळत ठेवू नका, तारेने वर बांधा. नळीच्या बोल्टला कॉपर वॉशर नवे. मग ब्लीडिंग, म्हणजे ब्रेकच्या तेलातली हवा काढणं, बुडबुडे थांबेपर्यंत. मग पेडल वीस-पंचवीस वेळा दाबा म्हणजे ॲडजस्टर पॅड डिस्कपर्यंत आणतो. आणि सगळ्यात शेवटी केबलचा नट, लिव्हर स्टॉपरवरून जेमतेम सुटायला लागेपर्यंत, मग किंचित मागे. लोक हे सगळं उलटं करतात, नट आधी पिळतात.

तुम्ही गाडीचं मॉडेल लिहिलेलं नाही, आणि हे सगळं फक्त लिव्हर कॅलिपरवरच असेल तर लागू आहे. मर्सिडीज, बीएमडब्ल्यूच्या जुन्या गाड्यांत आणि बऱ्याच मोठ्या गाड्यांत डिस्कच्या पोटात छोटा ड्रम असतो, हँडब्रेकचे शू वेगळे असतात, कॅलिपरचा आणि हँडब्रेकचा संबंधच नसतो. तिथे डिस्क काढायच्या आधी आतला दातेरी ॲडजस्टर भोकातून सैल करावा लागतो, नाहीतर डिस्क निघत नाही आणि लोक हातोडे मारत बसतात. आणि बटणाचा हँडब्रेक असेल तर बहुतेक गाड्यांत कॅलिपरवर मोटर असते, सर्व्हिस मोडमध्ये टाकल्याशिवाय पिस्टनला हात लावायचा नाही. ते घरी करू नका.

घरी जमेल का, तर ब्लीडिंग आधी एकदा तरी कोणाबरोबर केलेलं असेल तर जमेल. नसेल तर कॅलिपर-केबल स्वतः विकत आणा आणि चांगल्या मिस्त्रीकडून समोर उभं राहून बसवून घ्या. आणि हो, गाडी चढावर लावताना गिअरमध्ये ठेवायची आणि चाकाला दगड लावायचा. मी त्या दिवशी न्यूट्रलमध्ये ठेवली होती, ती चूक माझी, ती मी तेव्हाही मान्य केली होती. पण गिअरमध्ये ठेवायला विसरणं वेगळं आणि मनगटात जोर नसणं वेगळं, आणि घरात बोललं गेलं ते दुसरं.

आता आमची गाडी पाचव्या टिकला धरते, त्याच गल्लीत, भर पावसात, घाट उतरून आल्यावरसुद्धा. डावा जुना कॅलिपर मी भंगारात दिलेला नाही, पडवीतल्या कोनाड्यात ठेवलाय, लिव्हर अजून त्याच फटीवर अडकलेला. दिवाळीला भावजी आले तेव्हा सासूबाईंनी तो स्वतः उचलून त्यांच्या हातात दिला आणि म्हणाल्या, ढकल बघू मागे. त्यांनी ढकलून बघितला, हलला नाही. त्यावर ते काही बोलले नाहीत, आणि मला अजून त्यांच्या तोंडून ऐकायचं आहे.

तुम्ही हँडब्रेक खाली ठेवून मोबाइलच्या टॉर्चने दोन्ही बाजूंच्या लिव्हरचा आणि स्टॉपरचा फोटो काढून इथे टाका, मॉडेल आणि वर्ष लिहा. फट दिसली तर कोणती बाजू गेली ते सांगते. तोपर्यंत बायकोला काही बोलू नका.