मेडिकलच्या काउंटरवरून औषधाची माहिती नेमकी कुठे बघावी?

प्रश्न असा आहे: डी.फार्म. होऊन आठ वर्षं झाली, तालुक्याच्या गावी मेडिकल आहे, कॉलेजची पुस्तकं जुनी झाली. गूगलवर पहिलं येईल ते वाचून पेशंटला सांगायची भीती वाटते. फुकट आणि भरवशाचं काय आहे? आणि फार्मासिस्टच्या नोंदणीच्या रिन्युअलसाठी ऑनलाइन कोर्स चालतो का?

तुमची भीती रास्त आहे. गूगलवर वर येणारी बरीच पानं औषध विकणाऱ्या ॲपची असतात. ती पेशंटसाठी लिहिलेली असतात. किडनी कमी काम करत असेल तर डोस किती, हे त्यांत सहसा सापडत नाही. त्यापेक्षा मंजूर झालेलं लेबलच, म्हणजे औषधाचं सविस्तर अधिकृत माहितीपत्रक, वाचायची सवय लावा. अमेरिकेतली लेबलं 'डेलीमेड' या साइटवर मिळतात आणि ब्रिटनमधली 'ईएमसी' या साइटवर. दोन्ही फुकट आहेत. लेबल तीस-चाळीस पानांचं असतं, पण सगळं वाचायचं नसतं, फक्त कलमांचे आकडे पाठ करा. डेलीमेडमध्ये 7 म्हणजे इतर औषधांशी होणाऱ्या आंतरक्रिया, 8.1 गरोदरपण, 8.2 स्तनपान. ईएमसीमध्ये 4.2 डोस, 4.3 कुणाला द्यायचं नाही, 4.5 आंतरक्रिया, 4.6 गरोदरपण व स्तनपान, 6.4 साठवण. ग्राहक समोर उभा असताना मिनिटभरात उत्तर मिळतं.

एक उदाहरण घ्या. चिठ्ठीवर क्लॅरिथ्रोमायसिन हे अँटिबायोटिक 500 मिलिग्रॅम दिवसातून दोनदा आहे आणि पेशंट कोलेस्टेरॉलसाठी रोज रात्री ॲटोरव्हास्टॅटिन 40 मिलिग्रॅम घेतो. ॲटोरव्हास्टॅटिनचं अमेरिकी लेबल सांगतं की क्लॅरिथ्रोमायसिनबरोबर रोजचा डोस 20 मिलिग्रॅमच्या वर नको. त्याऐवजी त्याच स्टॅटिन गटातलं सिमव्हास्टॅटिन असेल, तर ते आणि क्लॅरिथ्रोमायसिन एकत्र द्यायचंच नाही. क्लॅरिथ्रोमायसिन यकृतातलं सीवायपी 3ए4 हे औषध मोडणारं विकर (एन्झाइम) अडवतं, त्यामुळे रक्तात स्टॅटिन साचतं आणि स्नायूंना इजा होऊ शकते. डॉक्टरांना फोन करून 'हे चालत नाही' म्हणू नका. 'पेशंट ॲटोरव्हा 40 वर आहे, लेबलवर 20 ची मर्यादा आहे. तेवढे दिवस डोस कमी करू, बंद ठेवू, की अँटिबायोटिक बदलता?' असं विचारा. पर्याय हातात दिले की डॉक्टर ऐकून घेतात.

शोधताना सगळ्यात जास्त चुकतं ते नाव. अमेरिकेत पॅरासिटामॉलला ॲसिटामिनोफेन म्हणतात, साल्ब्युटामॉलला अल्ब्युटेरॉल, रिफॅम्पिसिनला रिफॅम्पिन, ॲड्रेनॅलिनला एपिनेफ्रिन. आपल्या नावाने शोधलं आणि काही सापडलं नाही, तर औषधाची माहितीच नाही असं समजू नका. ब्रँडच्या नावाने तर कधीच शोधू नका. डिलाकॉर हे नाव अमेरिकेत डिल्टियाझेमला होतं आणि सर्बियात डिगॉक्सिनला. परदेशातून आलेल्या नातेवाइकाची स्ट्रिप कुणी दाखवली तर आधी स्ट्रिपवरचं घटकाचं नाव वाचा. आपल्याकडच्या तीन-तीन औषधांच्या एकत्रित गोळ्या आंतरक्रिया तपासणाऱ्या परदेशी साइटवर सहसा सापडत नाहीत. तिथे प्रत्येक घटक वेगळा टाकावा लागतो.

काही औषधं अमेरिकेत मंजूरच नाहीत: डॉम्पेरिडोन, ॲसिक्लोफेनॅक, ग्लिक्लाझाइड, व्हिल्डाग्लिप्टिन. ती ईएमसीवर बघा. टेनेलिग्लिप्टिनसारखं तिथेही नसेल, तर कंपनीकडे भारतातली प्रिस्क्रायबिंग इन्फर्मेशन (डॉक्टरांसाठीचं अधिकृत माहितीपत्रक) लेखी मागा. कंपनीचा एमआर (प्रतिनिधी) देऊन जातो ते रंगीत ब्रोशर म्हणजे ती नव्हे.

स्तनपान करणाऱ्या आईचा प्रश्न आला तर लेबलावर थांबू नका. लेबल बहुधा सावधगिरीचं एक वाक्य लिहून मोकळं होतं. 'लॅक्टमेड' हा स्तनपान आणि औषधांवरचा ऑनलाइन माहितीसाठा उघडा. दुधात औषध किती उतरतं याचे अभ्यास झाले असतील तर ते तिथे मांडलेले असतात आणि पर्यायी औषधंही दिलेली असतात. त्याच धर्तीवर औषधांमुळे यकृताला होणाऱ्या इजेसाठी 'लिव्हरटॉक्स' आहे.

पण भारतातला नियम परदेशी लेबलात सापडणार नाही. क्लोरफेनिरामिन 2 आणि फेनिलेफ्रिन 5 मिलिग्रॅमच्या सर्दीच्या थेंबांवर 'चार वर्षांखालील मुलांना देऊ नये' अशी सूचना छापण्याचा आदेश सीडीएससीओने (केंद्र सरकारच्या औषध नियंत्रण संस्थेने) डिसेंबर 2023 मध्ये दिला. ऑगस्ट 2024 मध्ये 156 एकत्रित औषधांवर बंदी आली. हे सीडीएससीओच्या साइटवर असतं. दर महिन्याला दर्जात नापास झालेल्या औषधांची यादीही तिथेच येते. ती यादी आणि खरेदीची बिलं शेजारी ठेवून ब्रँड, बॅच नंबर आणि उत्पादक हे तिन्ही जुळतात का ते बघा. नापास झालेली असते ती बॅच, अख्खा ब्रँड नव्हे. जुळली तर विक्री लगेच थांबवून माल वेगळा ठेवा आणि स्टॉकिस्टला लेखी कळवा. किमतीची शंका असेल तर एनपीपीएचं (औषधांच्या किमती ठरवणाऱ्या सरकारी संस्थेचं) 'फार्मा सही दाम' बघा.

अडलंच तर महाराष्ट्र राज्य फार्मसी कौन्सिलच्या औषध माहिती केंद्राला विचारा. विचारताना वय, वजन, गरोदरपण, क्रिएटिनिन (किडनीच्या कामाची रक्ततपासणी) आणि चालू असलेली सगळी औषधं लिहा. 'हे औषध चालेल का?' एवढंच लिहिलं तर उत्तरही तेवढंच मोघम येणार.

औषधाचा त्रास झाल्याचा संशय आला तर फार्माकोव्हिजिलन्सचा (औषधांच्या दुष्परिणामांच्या नोंदीचा) फॉर्म भरा, किंवा 1800-180-3024 वर कळवा. पेशंटची आद्याक्षरं, काय त्रास झाला, कधी सुरू झाला, कोणत्या औषधावर संशय आहे आणि कळवणारा कोण, हे हवंच. त्रास त्याच औषधाने झाला हे सिद्ध करायची जबाबदारी तुमची नाही. बॅच नंबर मात्र लिहा. स्ट्रिप फेकली गेली की तो परत मिळत नाही.

आता कोर्स. फार्मसी प्रॅक्टिस रेग्युलेशन्स 2015 प्रमाणे पाच वर्षांत किमान एकेक दिवसाचे दोन रिफ्रेशर कोर्स लागतात. अमेरिकी साइटवरचे फुकट कोर्स शिकायला उत्तम आहेत, पण ते क्रेडिट तिथल्या परवान्यासाठी असतं. आपल्या रिन्युअलला ते चालेल असं गृहीत धरू नका. कुठल्याही ऑनलाइन कोर्सचे पैसे भरण्याआधी तो रिन्युअलला धरला जाईल का, हे कौन्सिलला ईमेलवर विचारा आणि आलेलं उत्तर जपून ठेवा. विषय निवडताना आपल्या एच-वन रजिस्टरवर (शेड्यूल एच-वनमधल्या औषधांच्या विक्रीच्या नोंदवहीवर) नजर टाका. त्यात अँटिबायोटिकच्या नोंदी जास्त असतील तर अँटिबायोटिकच्या योग्य वापराचा कोर्स आधी करा.