पड म्हणजे पडीक नव्हे

प्रश्न असा आहे: ‘भारताच्या जमीनवापराच्या तक्त्यात "चालू पड" असा रकाना असतो. एका बातमीत त्याचं "पडीक जमीन" झालं आणि देशाची शेतजमीन घटली असंही ठोकून दिलं. पड आणि पडीक एकच ना?’

नाही, एकच नाहीत! हा घोळ बातम्यांत, भाषणांत इतका कानावर पडतो की डोकं उठतं. कोशकारही ‘पड’पुढे ‘पडीक जमीन’ लिहून मोकळे होतात. ‘यंदा वरचं रान पड ठेवलंय’ म्हणणाऱ्यानं ते रान सोडून दिलेलं नसतं. तिथं नांगरटीची ढेकळं उन्हात तापत असतात आणि पुढच्या पावसाला पेरणीची पाभर चालायची असते. पडीक रानात बाभळी उठलेल्या असतात, बांध ढासळलेला असतो.

दोन्ही शब्द ‘पडणे’चेच, संस्कृत ‘पत्’ धातूतून आलेले. फरक केला तो ‘ईक’नं. ‘तो सदा मित्राकडे पडीक असतो’ हे आपण एखाद्या दिवशी लवंडलेल्या माणसाबद्दल म्हणत नाही, तिथून हलतच नाही त्याच्याबद्दल म्हणतो. जमिनीचंही तसंच.

आता मला सगळ्यात प्रिय असलेला भाग. अकबराच्या दरबारातल्या अबुल फझलच्या ‘ऐन-ए-अकबरी’त जमिनीचे चार प्रकार आहेत: दरसाल पिकणारी पोलज, दम घ्यायला थोडा काळ सोडलेली परौती, तीन-चार वर्षं न कसलेली चाचर आणि पाच किंवा अधिक वर्षं तशीच राहिलेली बंजर. यातली परौती, म्हणजे हिंदीतली परती, आपल्या ‘पड’चीच बहीण, तिकडे ‘ड’चा ‘र’ झाला इतकंच. बंजरचं भाषांतर ‘नापीक’ करणाऱ्यांनी तर अकबरावर अन्याय केलाय. ही जमीन पुन्हा वहितीला आणणाऱ्याला सुरुवातीची वर्षं सवलतीचा शेतसारा होता. नापीक जमिनीला कोण सवलत देईल?

आणि ती पाच वर्षं बघा. आजच्या भारतीय वर्गीकरणात वर्षभर न पेरलेली ती चालू पड, एक ते पाच वर्षं राहिली तर इतर पड, आणि पाचांच्या पुढे गेली की लागवडयोग्य पडीक. जागतिक अन्न व कृषी संघटनाही पाच वर्षांच्या आतली पड कसायच्या जमिनीतच धरते. कुणी याला योगायोग म्हणेल, कुणी दप्तरी परंपरा. मला दोन्ही पटत नाही. माझ्या मते ही मर्यादा नांगरानं ठरवलीय: तेवढ्या वर्षांत झुडपांची मुळं खोल जातात, मग नुसती नांगरट पुरत नाही, रान नव्यानं फोडावं लागतं. कचेरीनं फक्त ते लिहून घेतलं.

राहिला शेतजमीन घटल्याचा मुद्दा. निव्वळ पेरणीक्षेत्र १९५०-५१ मध्ये सुमारे ११.९ कोटी हेक्टर होतं, १९७०-७१ पर्यंत १४ कोटींवर गेलं आणि तेव्हापासून त्याच आसपास आहे. एकाच रानात दोनदा पीक घेतलं तर ते दोनदा मोजणारं एकूण पीकक्षेत्र मात्र १३ कोटींवरून २१ कोटींच्या पुढे गेलंय. लागवडयोग्य पडीक २.३ कोटींवरून निम्म्याच्या जवळ आली. बिगरशेती वापर वाढला, तोही जवळपास तिप्पट, आणि त्याची काळजी जरूर करावी. पण तो रकाना वेगळा आहे. २००२-०३ च्या दुष्काळात पेरणीक्षेत्र १३.२ कोटींपर्यंत उतरलं आणि चालू पड फुगली. पुढच्या वर्षी पाऊस झाला, पेरणी पुन्हा १४ कोटींवर. ती जमीन पडीक असती तर एका पावसात परत आली असती का?