ऑक्टापॅड आल्यावर तबला सोडायचा का?

प्रश्न : आम्ही तासगावजवळ राहतो. मुलगा बारावी कॉमर्सला आहे. लहानपणापासून तबला शिकतो, मध्यमा परीक्षा पूर्ण झाली आहे. गेल्या वर्षी हप्त्यावर ऑक्टापॅड (काठ्यांनी वाजवायचा इलेक्ट्रॉनिक पॅड) घेऊन दिला. आता तो ऑर्केस्ट्रात वाजवतो, लग्नसराईत आणि जत्रांत चार पैसे आणतो. तबला, ढोलकी, ताशा, संबळ सगळं त्या एका पॅडवर निघतं. मग तबल्याच्या क्लासला वेळ आणि पैसा कशाला घालायचा? तो बंद करून लॅपटॉपवर संगीत तयार करण्याचा कोर्स लावावा का? हाताने वाजवणाऱ्याला पुढे काम राहील का? – एक पालक

उत्तर :

स.न.वि.वि.

तबल्याचा क्लास बंद करू नका. हे आधीच सांगून टाकतो, कारण बारावीच्या गडबडीत असे निर्णय घाईने होतात आणि एकदा सुटलेला हात पुन्हा बसायला फार त्रास होतो.

तुमची काळजी मात्र खरी आहे. मुंबईत एके काळी सिनेमाच्या गाण्यासाठी सगळा वाद्यवृंद स्टुडिओत एकत्र बसून वाजवायचा. व्हायोलिनवाल्यांच्या रांगा असायच्या, त्यात गोव्याहून आलेले कितीतरी वादक होते. मल्टिट्रॅक रेकॉर्डिंग (एकेक वाद्य वेगळं रेकॉर्ड करून नंतर जोडणं) आलं, सिंथेसायझर आले, आणि १९८०-९० च्या दशकांत त्या रांगा आटत गेल्या. त्यातले वादक कच्चे होते म्हणून त्यांचं काम गेलं नाही. रांगेत बसलेल्या एकेकाचं वाजवणं वेगळं ऐकू येत नव्हतं, आणि कागदावर लिहिलेलं जसंच्या तसं वाजवायचं होतं, म्हणून गेलं. याच्या उलट म्हणून 'सैराट'चं उदाहरण लोक देतात. २०१६ च्या त्या चित्रपटासाठी अजय-अतुल यांनी सिम्फनी वाद्यवृंद लॉस एंजेलिसच्या सोनी स्कोअरिंग स्टेजवर रेकॉर्ड केला. खऱ्या वाद्यांच्या आवाजाला आजही मोल आहे, हे त्यातून दिसतं. पण त्या रेकॉर्डिंगचं काम तिथल्या वादकांना मिळालं, आपल्याकडच्या नव्हे. त्यामुळे या उदाहरणाच्या भरवशावर मुलाचं पुढचं आयुष्य ठरवू नका.

भरवसा ठेवायचा तर आपल्या मैफलीकडे बघा. बेंगळुरूच्या जी. राज नारायण यांनी १९७९ साली इलेक्ट्रॉनिक श्रुतिपेटी, म्हणजे एकसारखा सूर धरून ठेवणारी पेटी, बनवली. पुढे इलेक्ट्रॉनिक तानपुरा आला, तबल्याचे ठेके देणारी यंत्रं आली, आता तर दोन्ही मोबाईलमध्येच असतात. तुमच्या शेजारच्या मिरजेत उत्तम तंबोरे आजही बनतात, २०२४ मध्ये त्यांना भौगोलिक मानांकनही मिळालं. तरी घरोघरच्या रियाजात तंबोऱ्याची जागा यंत्राने घेतलीच, आणि कित्येक मैफलींत ते यंत्र रंगमंचावरही दिसतं. तबल्याचं यंत्र मात्र रियाजाच्या खोलीतून बाहेर पडलेलं नाही. ख्यालाच्या, म्हणजे शास्त्रीय गायनाच्या, मैफलीत यंत्राचा ठेका लावून गाणारा गायक मी पाहिलेला नाही. दोन्ही यंत्रं साधारण एकाच काळातली, मग हा फरक का? तंबोऱ्याचं काम एकसारखा सूर भरत राहण्याचं. तबलजीला समोरच्याचं ऐकून वाजवावं लागतं. गायक लय किंचित ओढतो, तान लांबवतो, भलत्याच मात्रेवरून उचलून समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर, येतो, आणि तबलजीने ते त्याच क्षणी ओळखायचं असतं. म्हणून माझा निकष हा : पुढे काय वाजणार हे जिथे आधीच ठरलेलं असतं, तिथलं काम यंत्राकडे जातं. ते जिथे वाजवता वाजवता ठरतं, तिथे माणूस लागतो.

नादाचाही प्रश्न आहे, आणि तो मला फार महत्त्वाचा वाटतो. चामड्याच्या साध्या वाद्याचे उपस्वर (मूळ सुरासोबत निघणारे वरचे सूर) एकमेकांशी जुळत नाहीत, म्हणून त्यातून स्पष्ट सूर निघत नाही. तबल्याच्या पुडीवरच्या काळ्या शाईमुळे ते जुळतात आणि तबला सुरात बोलतो, हे सी. व्ही. रामन यांनी १९२० मध्ये दाखवलं. आता डग्गा, म्हणजे जोडीतलं डाव्या हाताचं मोठं वाद्य, घ्या. थाप पडल्यानंतरही मनगटाचा दाब कमीजास्त करून घुमारा वर-खाली नेता येतो. ऑक्टापॅडवर काठी पडली की आत साठवलेला आवाज निघतो. किती जोरात मारलं ते मिडी या इलेक्ट्रॉनिक वाद्यांच्या भाषेत १ ते १२७ या आकड्यांत यंत्राला कळतं. काठी उचलल्यावर हाताचं काम संपतं, पुढचा घुमारा आधी रेकॉर्ड झालेला असतो तोच. नाच-गाण्याच्या ऑर्केस्ट्राला तेवढं पुरतं, आणि त्यात कमीपणा मानण्यासारखं काही नाही. एका माणसाने पाच वाद्यांचा रंग भरणं हेही कसबच आहे. पण तुमचा मुलगा ते इतक्या लवकर शिकला याचं कारण त्याच्या हातात बोल आधीच बसले होते. ज्या पायावर त्याची आजची कमाई उभी आहे, तोच तुम्ही काढून घ्यायला निघाला आहात.

लॅपटॉपच्या कोर्सबद्दल सावध करतो. हे काम यंत्रावर होतं म्हणून ते सुरक्षित, असं तुम्हाला वाटत असावं. मला ते जास्त धोक्याचं वाटतं. दोन ओळी लिहून दिल्या की गाणं तयार करून देणारी एआयची साधनं आली आहेत. लहान जाहिरात, यूट्यूब व्हिडिओ, कार्यक्रमाचं शीर्षकसंगीत असं लॅपटॉपवर संगीत करणाऱ्या नवशिक्याच्या वाट्याला येणारं कामच ती आधी घेतील. म्हणून महागड्या कोर्सला आत्ता पैसे घालू नका. एक बरा माइक, त्याचा आवाज लॅपटॉपमध्ये नेणारा एक ऑडिओ इंटरफेस आणि कुठलंही साधं सॉफ्टवेअर घेऊन त्याने स्वतःचा तबला नीट रेकॉर्ड करायला शिकावं. दुसऱ्या गावातला संगीतकार घरबसल्या त्याच्याकडून तबल्याचा ट्रॅक मागवू शकेल, एवढं आलं तरी सध्या पुष्कळ झालं.

शिक्षणाचं म्हणाल तर बी.कॉम. जरूर करू द्या. कार्यक्रमांमुळे हजेरीची अडचण होणार असेल तर यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठाचा पर्याय आहे. पदवीच संगीतात करायची त्याची तयारी असेल तर पुण्याचं ललित कला केंद्र आहे. कोल्हापूरला शिवाजी विद्यापीठाचा संगीत व नाट्यशास्त्र विभाग आहे, तो तुम्हाला जवळ पडेल. कुठेही गेला तरी मध्यमेनंतरचं विशारद पूर्ण व्हायलाच हवं. पुढे शिकवण्या घेताना किंवा शाळेत संगीत शिक्षक म्हणून अर्ज करताना ते हाताशी असलेलं बरं. अठरा पूर्ण झाले की केंद्राच्या संस्कृती मंत्रालयाच्या तरुण कलाकारांसाठीच्या शिष्यवृत्तीला अर्ज करावा. ती १८ ते २५ वयोगटासाठी आहे, महिना ५,००० रुपये दोन वर्षं मिळतात. आकाशवाणीची ऑडिशनही डोळ्यांसमोर ठेवावी. तिथली श्रेणी मिळाली की आयोजक वेगळ्या नजरेने बघतात.

आणखी एक गोष्ट, आणि तीच सगळ्यांत आधी सुरू करा. आठवड्यातून एकदा तरी त्याला कोणाच्या तरी साथीला बसू द्या. गावात भजनी मंडळ असेलच. सांगली-मिरजेत गाणं शिकणारी मुलं आहेत, कथकचे वर्ग आहेत. सुरुवातीला पैसे मिळणार नाहीत, मिळावेत असा आग्रहही नको. ऑर्केस्ट्रात त्याला ठरलेली गाणी ठरल्यासारखी वाजवावी लागतात. समोरच्याचं ऐकून वाजवायचा सराव तिथे होत नाही, आणि उद्या त्याला पोसणारा गुण तोच आहे.

ऑक्टापॅड विकू नका, हप्ते त्याच्याच कार्यक्रमांतून फिटू द्यात. पण या महिन्यात एकदा त्याच्या गुरुजींना भेटा आणि सरळ विचारा, हा ख्यालाच्या साथीला बसू शकेल का. 'अजून नाही' म्हणाले, तर काय कमी आहे आणि त्याला किती काळ लागेल, तेही विचारून घ्या. त्यांचं उत्तर मला कळवा. बी.कॉम. की संगीताची पदवी, हे त्यानंतर ठरवू.