दहा अंतिम सामने, चार विजेतेपदे

प्रश्न : आमच्या घरी शनिवारी रात्री इंग्लंडमधले फुटबॉलचे सामने लागले की एकच वाद पेटतो. माझा मुलगा आर्सेनलचा पाठीराखा आहे आणि वर्षानुवर्षे पहिल्या चारांत राहणे हेच मोठेपण, असे तो मानतो. पुतण्या म्हणतो की, त्यापेक्षा एकदाच चषक जिंकून खालच्या श्रेणीत गेलेले विगन बरे. मला दोघांचेही पटते. चाहत्याने नक्की कशाला अधिक मोल द्यावे?
– एक वाचक, रामबाग, इंदूर

उत्तर : आपल्या पुतण्याने उदाहरण मोठे मार्मिक निवडले आहे, कारण या वादातले दोन्ही पक्ष एकदा खरोखरच समोरासमोर उभे राहिले होते. ११ मे २०१३ रोजी विगनने वेम्बलीवर, बेन वॉटसनने शेवटच्या क्षणी डोक्याने मारलेल्या गोलाच्या बळावर, मँचेस्टर सिटीला १-० असे हरवून एफए चषक जिंकला आणि तीनच दिवसांनी आर्सेनलच्या मैदानावर ४-१ असा मार खाऊन हाच संघ प्रीमियर लीग या इंग्लंडच्या सर्वोच्च श्रेणीतून बाहेर पडला. आर्सेनलने पुढच्या रविवारी टॉटनहॅमपेक्षा अवघा एक गुण अधिक राखून चौथे स्थान मिळवले. चषक घरी आलेला संघ उतरणीला लागला होता आणि आठ वर्षे एकही चषक न पाहिलेला संघ सुटकेचा निःश्वास टाकत होता.

घरगुती वादात एक भेद मात्र हमखास निसटतो. एफए चषक ही बाद पद्धतीची स्पर्धा आहे. वरच्या श्रेणीतल्या संघाला सहा फेऱ्या पार केल्या की तो मिळतो, आणि त्यात एखादा मंतरलेला दिवस बराच पल्ला गाठून देतो. लीगचे विजेतेपद ३८ सामन्यांतून ठरते, म्हणून ते सातत्याचेच फळ असते. २०१५-१६ मध्ये लेस्टर जिंकले तेव्हा जगाने त्याला चमत्कार म्हटले, परंतु त्या चमत्कारी संघाने अख्ख्या हंगामात फक्त तीन सामने गमावले होते. त्यामुळे विजेतेपद आणि सातत्य यांना सरसकट एकमेकांविरुद्ध उभे करणे मला पटत नाही. खरा प्रश्न, कधीच न जिंकणाऱ्या सातत्याचे मोल किती, हा आहे.

आर्सेनल १९९६-९७ पासून सलग वीस हंगाम पहिल्या चारांत राहिले. त्यांतल्या पहिल्या आठ वर्षांत त्यांनी तीनदा लीग जिंकली. मात्र २००५ च्या एफए चषकानंतर २०१४ पर्यंत हाती काहीच आले नाही. २००६ मध्ये उघडलेल्या नव्या स्टेडियमचे कर्ज फेडायचे होते आणि चौथे स्थान म्हणजे चॅम्पियन्स लीग या युरोपातल्या अव्वल संघांच्या स्पर्धेत प्रवेश, म्हणजेच पैसा. प्रशिक्षक आर्सेन वेंगर यांनी त्या प्रवेशालाच चषकाचा मान दिला, तेव्हा पाठीराख्यांनी त्याची थट्टा केली, आणि ती मला अन्यायाची वाटत नाही. ताळेबंद जुळला म्हणून कुणी मिरवणूक काढत नाही. शिवाय २०१२ मध्ये विकलेला आपलाच आघाडीवीर व्हॅन पर्सी पुढच्याच हंगामात मँचेस्टर युनायटेडला विजेतेपद मिळवून देतो, हे ज्यांना पाहावे लागले त्यांना ताळेबंदाचे कौतुक कसे असेल?

आपण इंदूरचे आहात, म्हणून क्रिकेटकडे थोडे वळतो. होळकर संघाने १९४४-४५ ते १९५४-५५ या अकरा हंगामांत रणजी करंडकाचा अंतिम सामना दहा वेळा गाठला आणि त्यांपैकी चार जिंकले. सी. के. नायडू, मुश्ताक अली, चंदू सरवटे यांच्या त्या संघाविषयी जुनी मंडळी बोलतात, तेव्हा गमावलेल्या सहा सामन्यांचा हिशेब कुणी मांडत नाही. तो सगळा काळच आपला होता, असे त्यांच्या बोलण्यात असते. पण ते चार विजय वजा केले, तर त्याच दहा सामन्यांची आठवण एवढ्या अभिमानाने निघाली असती का? मला तसे वाटत नाही. सातत्याला निदान एका विजयाची मोहोर लागते आणि ती लागली की मग पराभवही त्या मोठेपणात जमा होतात. (फुटबॉलमधल्या केरळ ब्लास्टर्सचे पाठीराखे मला येथे खोटे पाडतील. २०१४, २०१६ आणि २०२२ असे इंडियन सुपर लीगचे तीन अंतिम सामने हरूनही त्यांनी कोचीच्या स्टेडियमला पिवळा रंग चढवणे सोडले नाही.)

तेव्हा आपल्या मुलाला एवढेच विचारून पाहा की, २००३-०४ चा तो अपराजित हंगाम, २६ विजय आणि १२ बरोबरीचे सामने, आर्सेनलच्या खात्यातून काढून टाकला, तर चौथ्या स्थानाची बाजू तो एवढ्याच हिरिरीने मांडेल काय. पुतण्यालाही सोडू नका. विगन त्यानंतर आजवर प्रीमियर लीगमध्ये परतलेले नाही; मधल्या काळात त्यांचे किती सामने त्याने जागून पाहिले, तेही विचारा.